साडूंनी ब्राउझरला दिलेली सुट्टी

आमच्या साडूंनी जन्माला येतानासुद्धा सुईणीचे हात धुतलेले आहेत की नाहीत याची आधी खात्री करून घेतली आणि मगच डोकं बाहेर काढलं, असं मी छातीठोकपणे सांगत असतो. आणि ज्यांनी साडूंना पाहिलंय त्यांच्यापैकी एकानेही आजवर मला खोटं पाडलेलं नाही. पहिल्या भेटीत त्यांचा विश्वास बसला अशी एकही वस्तू पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत नाही. खुर्ची पुढे केली की ते तिचे पाय एकेक करून हलवणार, मग हात, मग पाठ, आणि तोवर यजमान उभ्या उभ्या म्हातारा होणार. दिघीहून आमच्याकडे, संत तुकाराम नगरला आले की बेल आधी एकदा दाबणार, मग लागोपाठ दाबणार, मग दाबूनच धरणार. आम्ही लाटणं घेऊन दार उघडावं, तर हे शांतपणे चपला काढत म्हणणार, "चिकटती का बगत होतो, पाव्हणं." त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांच्या लग्नाला मी नव्हतो, पण मंगळसूत्र घालण्याआधी त्यांनी त्याची कडी दोन्ही हातांनी ओढून बघितली हे आमच्या सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, आणि पुढे म्हणायच्या, "पोर मात्र न ओढताच नेली, तेवढं नशीब." पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानदाराने त्यांना विश्वासाने मिक्सर दाखवला. साडूंनी तो रिकामा फिरवला, भरून फिरवला, आणि गिऱ्हाईक घाईत असलं तर काय करेल ते बघायचं म्हणून झाकण न लावता फिरवला. आत लाल चटणी होती. आजही साडू त्या गल्लीत शिरले की शटरं खाली येतात आणि परगावच्या माणसाला वाटतं की शहर बंद आहे.

मागे आमचे चुलत सासरे वारले. अंगणात बायकांचा आक्रोश चाललेला, गुरुजी घाई करतायत, आणि हे गृहस्थ तिरडीभोवती फिरत सुंभाची एकेक गाठ ओढून बघतायत. एक गाठ हातात सुटून आली. भाऊबंदांपैकी एक आडदांड गडी मुठी वळून अंगावर धावला. साडूंनी वर न बघता ती गाठ पुन्हा आवळली आणि म्हणाले, "म्हातारा जलमभर धडपडत चालला. आता शेवटचं तरी पडाय नगं." मारायला आलेला तो गडी तिथेच मटकन बसला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडायला लागला. साडूंच्या बाबतीत हे नेहमीचंच. माणूस त्यांच्यावर चिडून येतो आणि मध्येच कुठेतरी त्याचा पाय घसरतो.

ते मूळचे चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीत होते. प्रेस शॉप म्हणजे जिथे हत्तीएवढी मशिनं एका दणक्यात पत्र्याला आकार देतात असा कारखाना. लॉटचा पहिला पीस निघाला की तो साडूंच्या हातात यायचा, आणि साडूंनी मान हलवेपर्यंत दुसरा दणका पडायचा नाही. त्यांच्या मानेला अख्ख्या शेडमध्ये मालकाच्या सहीपेक्षा जास्त वजन होतं, असं ते स्वतः सांगायचे. पुढे ते शॉप बंद पडलं. पन्नाशीला टेकलेला, आयटीआय झालेला, पत्रा हातात घेऊन त्याच्याकडे तासभर संशयाने बघणारा माणूस कोणाला हवा असतो? मेव्हणीबाईंनी माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला सांगितलं, म्हणजे हुकूम झालाच. मी तळवड्याच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत हेल्पडेस्कवर फोन घेतो. मी साहेबांच्या कानावर घातलं की माझे एक साडू आहेत, त्यांना कुठल्याही गोष्टीत खोट काढता येते. साहेब म्हणाले, "मग टेस्टिंगला घ्या की."

आमची कंपनी एका वेबपेजवर जगते म्हटलं तरी चालेल. चाकणच्या एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर मालाचा ट्रक आला की गेटवरचा माणूस ते पेज उघडतो, त्यात गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि माल भरतो, 'आत सोडा' हे बटण दाबतो आणि ट्रक आत जातो. बटण चाललं की कारखाना चालला, कारखाना चालला की आमची चूल. या पेजमध्ये रोज काहीतरी बदल व्हायचा आणि तो चाकणला पाठवण्याआधी सगळं नीट चालतंय ना हे हाताने बघायचं, हे टेस्टिंगचं काम. तिथे आधीपासून दोन मुली होत्या, एक चिपळूणकडची आणि एक भोसरीची. साडू त्यांच्यात जाऊन बसले आणि पहिल्याच आठवड्यात प्रोग्रॅमर मंडळींची झोप उडवली. ड्रायव्हरच्या नावाच्या जागी त्यांनी अख्खी आरती लिहून बघितली. मालाच्या जागी उणे आकडा भरून रिकामा आलेला ट्रक आणखी रिकामा करून परत पाठवला. 'आत सोडा' दोनदा दाबलं तर एकाच गाडीचे दोन ट्रक आत जातात हे त्यांनीच शोधून काढलं. "असं कोण दाबतं, काका?" एक प्रोग्रॅमर कळवळून म्हणाला. "गेटवर हुबा ऱ्हा कधी उन्हात," साडू म्हणाले, "मग बग दोनदा दाबतो का धा येळा." मी त्यांना साडू म्हणतो म्हणून सगळं ऑफिसच त्यांना साडू म्हणायला लागलं. पंचविशीतली पोरं, लग्नाचा पत्ता नाही, आणि दुरून चपला वाजल्या की कुजबुजायची, "राव, सेव्ह कर पटकन, साडू आले!"

मग साहेब कुठलंसं प्रशिक्षण करून आले आणि त्यांनी जाहीर केलं की आता ब्राउझर आपलं टेस्टिंग आपणच करणार. पायथन नावाच्या भाषेत स्क्रिप्ट लिहायची. ती ब्राउझर उघडणार, पेजवर जाणार, रकाने भरणार, बटणं दाबणार आणि कुठे अडलं ते सांगणार. साहेब साडूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचं डोकं त्याच्यात उतरवा, साडूसाहेब. तुम्हीच त्याचे गुरू." पायथन म्हणजे अजगर हे साडूंना मी सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे चावत न्हाई. गिळतो."

पण गुरू म्हटल्यावर माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढणारच. चिपळूणच्या मुलीला थोडं पायथन येत होतं. ती साडूंना शिकवायला बसली. या भाषेत ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा इकडची तिकडे झाली तरी सगळा गाडा थांबतो. जगात आपल्याहून काटेकोर कोणीतरी आहे हे साडूंना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं आणि त्यांचा ऊर भरून आला. "ह्यो आपल्यातला हाय," ते म्हणाले. ब्राउझरला हाकणारा एक वेगळा तुकडा असतो, त्याला त्या धंद्यात ड्रायव्हरच म्हणतात. ब्राउझर आपला आपण नवा व्हायचा, ड्रायव्हर जुनाच राहायचा आणि सकाळी दोघांचं पटायचं नाही. सगळं ऑफिस डोकं धरून बसलेलं असताना साडू मात्र गालात हसायचे, कारण चाकणच्या रस्त्यावर नवी गाडी आणि जुना ड्रायव्हर यांचा संसार त्यांनी रोज पाहिलेला. प्रोग्रॅमर पोरं बटणांची आतली नावं उठसूट बदलायची आणि मग स्क्रिप्टला बटण सापडायचं नाही. साडू त्यांच्या टेबलाजवळ जाऊन ओरडायचे, "पोराचं नाव रोज बदलाय लागला तर मास्तरानं हजेरी घ्यायची कशी रं?"

सगळ्यात जास्त भांडण झालं ते थांबण्यावरून. पेज पूर्ण उघडायच्या आत स्क्रिप्ट बटण दाबायला जायची आणि तोंडावर आपटायची. साडूंनी उपाय म्हणून प्रत्येक ओळीनंतर तिला निवांत बसायला सांगितलं. मग एवढंसं टेस्टिंग पुरं व्हायला इतका वेळ लागायला लागला की मधल्या काळात माणसांची लग्नं जमून मोडायची. "काका, ठरावीक वेळ नाही थांबवायचं," मुलगी म्हणाली, "बटण दिसेपर्यंत थांब असं सांगायचं." साडूंनी पेज दोनदा उघडून बटण कधी दिसतं ते बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे यष्टीची वाट बगतो तसं. दिसली की चढायचं. टायमावर इसंबून पाय उचलला तर माणूस रस्त्यावर." त्या दिवसापासून गाडी सुरळीत झाली. साहेबांचं म्हणणं होतं की ब्राउझर पडद्यावर न दाखवता आतल्या आत चालवावा, म्हणजे काम झपाट्याने होतं. त्याला ते लोक बिनडोक्याचा ब्राउझर म्हणतात. साडूंनी साफ नकार दिला. "जे डोळ्यानं दिसत न्हाई त्याला ओके म्हणायचं? आपल्याच्यानं न्हाई व्हायचं." म्हणून कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर ते सगळं उघड्यावर चालायचं. माऊसवर हात नाही, कीबोर्डवर बोट नाही, आणि ब्राउझर आपोआप उघडतोय, अक्षरं आपोआप उमटतायत, बटण दोनदा दाबलं जातंय, मध्येच मागे जाऊन पुन्हा पुढे येतंय, हुबेहूब साडूंच्या खोड्या. चहावाल्या मावशी ट्रे घेऊन तिथे आल्या, त्यांनी ते पाहिलं, आणि एक कप साडूंना व एक त्या कॉम्प्युटरपुढे ठेवून गेल्या.

शेवटी सगळं हिरवं झालं. हिरवं म्हणजे एकही चाचणी नापास नाही. साहेबांनी पुढची व्यवस्था अशी लावली की कोणी पेजमध्ये बदल केला की स्क्रिप्ट आपणहून धावणार. एक जरी चाचणी नापास झाली तर लाल दिवा आणि बदल तिथेच अडणार. नापास कोणी नसेल तर हिरवा दिवा आणि बदल थेट चाकणला. मध्ये माणूस नाही. साहेबांनी समोसे मागवले. त्याच आठवड्याच्या शेवटी दोन्ही मुलींना केबिनमध्ये बोलावून पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. भोसरीची मुलगी बॅग भरून गेली. चिपळूणची मात्र साडूंच्या टेबलाशी थांबली आणि हसत हसत म्हणाली, "काका, आमचं सगळं काम शिकवलंत की हो त्याला. आता तेवढा डबा खायला शिकवा, म्हणजे आमची आठवण नको यायला." साडू उठून केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं की ते हातवारे करून बोलतायत आणि साहेब मान हलवतायत. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" साडू म्हणाले, "म्हनले, काळजी कशापायी करताय, तुमी हाय की." आणि आपला डबा न उघडता तसाच पिशवीत ठेवला. त्या दिवसापासून टेस्टिंगला साडू एकटे आणि कोपऱ्यातला तो कॉम्प्युटर.

तर आली खंडेनवमी. आमच्या पट्ट्यात हा सण कसा असतो हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर, वजनकाटे, इतकंच काय पाणी तापवायचं मशीनसुद्धा धुऊन पुसून हार घालून बसतं. हळदकुंकू, नारळ, पेढे. आणि एकदा पूजा झाली की मशिनाला हात लावायचा नाही. दसऱ्यापर्यंत त्याला विश्रांती. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसरं काय पुजणार, तर लॅपटॉप. कीबोर्डवर झेंडू पडलेला आणि एंटरच्या बटणाला कुंकू लागलेलं, अशा थाटात पूजा झाली. साडूंनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला सगळ्यात मोठा हार घातला, स्क्रीनच्या कपाळी बोट टेकवलं, आणि मग सगळ्यांदेखत खुर्चीत बसून काहीतरी खटखट केलं. साहेब पेढा तोंडात टाकत म्हणाले, "काय साडूसाहेब, आज पण काम?"

"काम न्हाई, साहेब. ह्याला बी आज सुट्टी लिवून दिली."

"द्या, द्या! बोनसपण द्या!" साहेब म्हणाले, आणि त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. साडूंनी टाळी दिली. सगळं ऑफिस हसलं. मी सगळ्यात जास्त हसलो, कारण साडू माझे.

साडूंनी खरोखरच स्क्रिप्टच्या तोंडाशी ओळ लिहिली होती की आज खंडेनवमी आहे, आज सगळ्या चाचण्या सोडून दे. दुपारी आम्ही कुलूप लावून घरी गेलो. चाकणच्या त्या मोठ्या कारखान्यात मात्र सणाची विक्री जोरात, पूजा उरकून संध्याकाळची शिफ्ट चालू. तिथल्या कोणीतरी साहेबांना फोन केला की त्या पेजवर ड्रायव्हरच्या मोबाईल नंबरासाठी एक रकाना आजच्या आज वाढवा. साहेबांनी घरी बसून, सोफ्यावरून, तो वाढवला. बारीकसं काम. स्क्रिप्ट धावली, साडूंची ओळ वाचली आणि हात जोडून स्वस्थ बसली. ज्या वर्गात परीक्षाच झाली नाही तिथे नापास तरी कोण होणार? हिरवा दिवा लागला. बदल चाकणला गेला.

त्या नव्या रकान्याने 'आत सोडा' हे बटण खाली ढकललं, आणि गेटवरच्या जुन्या, बुटक्या स्क्रीनवर ते पार दिसेनासं झालं. दिवेलागणीला माझा फोन वाजायला लागला. "ओ सर, बटण कुटं गेलं?" "अहो भाऊ, गाड्या पार रोडला लागल्यात!" "इथं ड्रायव्हर लोक मला मारतील, सर, मी काय करू?" मी त्यांना स्क्रीन खाली ओढा, बंद करून चालू करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा, असं जे जे तोंडाला येईल ते सांगितलं. ट्रकांची रांग गेटापासून हायवेला लागली आणि मी तर म्हणतो तिचं शेपूट नाशकात होतं. शेवटी आत सुटे भाग पोचेनात आणि लाइन बंद पडली. आमच्याकडे 'लाइन बंद पडली' हे घरात कोणी गेल्यासारखं, आवाज खाली करून सांगतात. साहेबांनी बदल मागे घेतला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दसरा झाल्यावर पहिल्याच सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. मला का, तर साडू माझे.

"साडूसाहेब," साहेब म्हणाले, "स्क्रिप्टला सुट्टी? तुम्ही हे खरंच लिहिलं होतं?"

"सांगितलं की तुमास्नी. तुमी टाळी घेतलीत."

"अहो, मला वाटलं तुम्ही गंमत करताय!"

"कामात गंमत करत न्हाई म्या."

"पण का? का असं करावं माणसाने?"

साडूंनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग सांगायला लागले, आणि इतकी वर्षं साडूभाऊ म्हणून मिरवणाऱ्या मला ते पहिल्यांदाच कळत होतं. "प्रेस शॉपात असताना खंडेनवमीला पूजा झाली. प्रेसला हार घातला, नारळ फोडला. मालक म्हनला, थोडा माल ऱ्हायलाय, तेवढा काढा आन् मंग पेढं घिऊन घरी जावा. माझा जोडीदार बसला प्रेसवर. आमी संगंच लागल्यालो. पहिला पीस निगाला, माज्या हातात आला. तवर त्यो हार घसरून डायमधी, खालच्या साच्यात ग्येला. देवाचा हार म्हनून त्यानं काढाय हात घातला आन् दणका पडला." साडूंनी बोट कडेवरून उचललं. "झेंडूत बोटं सापडंनात, साहेब. सगळी फुलं निवडाय लागली. आन् म्या पीस हातात घिऊन हुबा. पीस ओके व्हता."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास साडूंपुढे सरकवला आणि म्हणाले, "फार वाईट झालं हो. पण साडूसाहेब, हा ब्राउझर आहे. ह्याच्यात कुणाचा हात सापडत नाही."

"व्हय," साडू म्हणाले. "हात ऱ्हायलाच न्हाई कुनाचा."

"ती ओळ काढून टाका. मी वर सांगतो, चूक झाली, सुधारली. विषय संपला."

"काढतो. पर पुढच्या खंडेनवमीला म्या येनार न्हाई, साहेब. तेवडं मागतो."

त्यावर साहेब अगदी मायेने, समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "अहो, नका येऊ! तुम्ही आला नाहीत तरी ते चालतं, म्हणून तर आपण ते बसवलं ना!"

बोलून झाल्यावर साहेबांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी समोर नसलेली फाईल शोधायला सुरुवात केली. मुलींना काढल्यापासून साडू ज्या गोष्टीच्या वासावर होते ती त्यांना अशी आयती, तयार शब्दांत मिळाली. ते उठले, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले, हार बाजूला केला, ओळ पुसली, आणि स्क्रिप्ट चालवून बघितली. ब्राउझर उघडला. रकाने भरले. बटणं दाबली गेली. साडू हात मांडीवर ठेवून बघत होते. सगळं हिरवं.

दिवाळीनंतर त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. कोणी ओरडलं नाही, अपमान केला नाही, निरोपाला ढोकळासुद्धा होता. साडू घरी बसले. मेव्हणीबाई आमच्याकडे येऊन माझ्या बायकोपाशी रडल्या. "घरात नुसते बसून असतात गं. परवा नासलेलं दूध पुढे केलं चुकून, न बघता पिऊन टाकलं. मी म्हटलं, अहो, कळलं नाही का? तर म्हणाले, कळलं की." ज्या माणसाने आयुष्यभर सासऱ्याच्या घरचा चहादेखील आधी हुंगून घेतला, त्याच्याबद्दल हे ऐकून मला माझी एकही तिखटमीठ लावलेली गोष्ट सुचेना. मी चार ठिकाणी शब्द टाकला. वय विचारलं की समोरचा माणूस एकदम हवापाण्याच्या गप्पांवर यायचा. नंतर कळलं, त्यांनी स्वतःच कुठेतरी बघितलं आणि लागले एकदाचे. कुठे, ते मेव्हणीबाईंनाही धड सांगितलं नव्हतं. चाकणलाच, कॉन्ट्रॅक्टरकडून, एवढंच.

परवा दुपारी हेल्पडेस्कचा फोन वाजला. मी नेहमीची नमस्काराची वाक्यं म्हटली. पलीकडून आवाज आला, "नमस्कार सर. मागच्या गेटवरून बोलतोय. सिक्युरिटी."

आवाज ओळखायला मला एक श्वाससुद्धा लागला नाही. "साडूभाऊ?" मी म्हटलं.

पलीकडे ट्रकचं इंजिन धडधडत होतं. ते म्हणाले, "सर, ह्ये कॉल रेकॉर्ड व्हत्यात ना?"

"होतात."

"मग तक्रार लिवून घ्या, सर."

मी घेतली. नियमाप्रमाणे सगळं विचारलं. पेज उघडतं का? उघडतं, सर. बटण दिसतं का? दिसतं, सर. दाबलं जातं का? जातं, सर. मग अडचण काय? ते सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, मला टाइप करायला सोपं जावं म्हणून सांगू लागले. ड्रायव्हरचं नाव लांब असलं की पावतीवर ते पुरं छापून येत नाही, मधेच तुटतं. दक्षिणेकडचे ड्रायव्हर असतात, त्यांची नावं लांब. आत गेल्यावर ओळखपत्राशी जुळत नाही, मग आतले लोक त्यांना परत गेटवर पिटाळतात. साडू म्हणाले, त्यांनी लहान नाव घालून बघितलं, लांब घालून बघितलं, दोन नावांत जागा न सोडता घालून बघितलं. मला हसू आलं, पण मी टाइप करत राहिलो. आमच्या फॉर्मवर तक्रार किती गंभीर ते निवडावं लागतं. ट्रक अडला असेल तर गंभीर, नसेल तर किरकोळ.

"गाडी अडलीय का?" मी विचारलं.

"न्हाई सर. गाडी गेली आत. नाव तेवडं अर्दं ऱ्हायलं."

मी 'किरकोळ' निवडलं. तक्रार नोंदवली म्हणून सांगितलं. आणखी काही मदत करू शकतो का, हेही विचारलं, कारण ते विचारावंच लागतं. न्हाई सर, म्हणाले. आमच्याकडे नियम असा की गिऱ्हाइकाने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. गेटवरही त्यांना बहुतेक तसंच काहीतरी शिकवलेलं असावं, सरांनी ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, असं. मागे कुठलासा ट्रक हॉर्न वाजवत होता. तो गेला, दुसरा आला, आणि आम्ही दोघेही फोन कानाला लावून तसेच थांबलो होतो.